टुरिंगच्या मॉडिफाय ६५० ला फ्यूएल ट्यूनर कुठला घ्यायचा? घ्यायचा का इथपासून सुरुवात करू

सायलेन्सर बदलला, एअर फिल्टर बदलला, आता ट्यूनर (इंजिनात पेट्रोल किती जायचं ते बदलणारं यंत्र) कुठला घेऊ, हा प्रश्न रायडिंग ग्रुपवर कुणी ना कुणी विचारतच असतं आणि उत्तरं पण ठरलेली, एक म्हणतो माझ्याकडे अमुक आहे एकदम मक्खन, दुसरा म्हणतो पैसे पाण्यात, तिसरा डायनोचा (इंजिनची ताकद मोजणाऱ्या मशीनचा) ग्राफ टाकून मोकळा होतो. तू गाडी चालवतोस कशी आणि कुठे, हे मात्र कुणी विचारत नाही, आणि खरं उत्तर तिथेच आहे.

टुरिंगची गाडी म्हणजे काय, तर बहुतेक वेळ सहाव्या गिअरला, चार हजार आरपीएमच्या आसपास, थ्रॉटल जेमतेम उघडलेला, मागे सॅडलबॅग आणि कदाचित पिलियन. पूर्ण थ्रॉटल मारता कधी, तर ट्रक ओव्हरटेक करताना चार-पाच सेकंद. म्हणून माझं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे, की टुरिंगच्या गाडीचा ट्यूनर निवडताना आधी बघा तो क्रूझिंगला गाडी कशी चालवतो, मग बघा रस्त्यात बंद पडला तर काढून ठेवता येतो का, आणि पीक बीएचपी, म्हणजे जास्तीत जास्त ताकद, सगळ्यात शेवटी. खाली उदाहरण रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर ६५० चं घेतोय कारण ती आपल्याकडे खूप मॉडिफाय होते, पण हिमालयन, डॉमिनार, ३९० वाल्यांनाही लॉजिक तेच लागू.

पायरी १: ट्यूनर लागतोय का ते ठरवा

गाडीत काय काय बदललंय ते कागदावर लिहा. फक्त स्लिप-ऑन सायलेन्सर (मागचा तेवढाच भाग) बदलला असेल आणि बेंड पाइप, कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) सगळं कंपनीचं असेल तर ट्यूनर लागत नाही, विषय संपला, ते पैसे चांगल्या टायरमध्ये घाला. स्लिप-ऑन आणि डीएनए किंवा केअँडएनचा पॅनल फिल्टर, एअरबॉक्स न कापता, ही मधली केस, गाडी थोडी लीन होते (हवा जास्त, पेट्रोल कमी; उलट झालं की रिच) पण बहुतेक वेळा चालून जाते, इथे ट्यूनर लागेल की नाही हे गाडीच सांगते. फुल सिस्टीम (बेंड पाइपपासून सायलेन्सरपर्यंत सगळा एक्झॉस्ट) टाकून कॅट काढला असेल किंवा एअरबॉक्सचं झाकण कापलं असेल तर फ्यूएलिंग बघावंच लागतं. कॅम बदलला किंवा बोअर वाढवून गाडी ८६५ सीसी वगैरे केली तर ट्यूनर हा प्रश्नच राहत नाही, तिथे नीट डायनो ट्यूनिंग पाहिजे आणि ते बजेट किट घेतानाच धरायला पाहिजे होतं.

आता लक्षणं. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट वाजणं हे एकटं लक्षण धरू नका, मोकळ्या सायलेन्सरला ते होतंच आणि बऱ्याचदा बेंड पाइपच्या गॅस्केटमधून हवा खेचली जात असते. खरी लक्षणं म्हणजे एकसारखा थ्रॉटल धरून चालवताना गाडी पुढेमागे हलकी हुंदडते, थ्रॉटल बंदवरून उघडताना झटका बसतो, घाटात थर्डला हळूहळू उघडल्यावर मध्येच एक खड्डा लागल्यासारखा पिकअप गायब होतो, आणि ट्रॅफिकमध्ये गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

आणि हे सगळं फ्यूएलिंग सोडून दुसऱ्या कारणानेही होऊ शकतं! त्यामुळे खिशात हात घालायच्या आधी एवढं करून घ्या: टॅपेट सेटिंग (६५० ला स्क्रू आणि लॉकनटवाले टॅपेट आहेत, माहितीतला मेकॅनिक करतो), प्लग, थ्रॉटल बॉडीची सफाई, इनटेकचे रबर चिरलेत का, चेन ढिली आहे का. ढिल्या चेनचे झटके फ्यूएलिंगचे समजून ट्यूनर घेतलेले लोक आहेत. एक्झॉस्ट लीक बघायला गाडी थंड असताना स्टार्ट करा, सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं क्षणभर दाबा आणि बेंड पाइपच्या जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे आले की लीक. हे महत्त्वाचं यासाठी की एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या ओटू सेन्सरच्या आधी लीक असेल तर बाहेरची हवा आत येते, सेन्सरला वाटतं मिक्स्चर लीन आहे, आणि मग तुम्ही कितीही महाग ट्यूनर लावा, तो खोट्या माहितीवर काम करणार.

पायरी २: गाडी पेट्रोल कसं मोजते ते समजून घ्या

हा भाग लोक गाळतात आणि मग फसतात, म्हणून इथे जरा थांबू.

कंपनीचा इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, दोन प्रकारे चालतो. क्रूझिंगला, म्हणजे थ्रॉटल कमी आणि स्थिर असताना, तो ओटू सेन्सरचं ऐकून पेट्रोल कमीजास्त करत राहतो, याला क्लोज्ड लूप म्हणतात. इथलं टार्गेट लॅम्डा १ (पेट्रोल पूर्ण जळायला लागते नेमकी तेवढी हवा; १ च्या खाली रिच, वर लीन), म्हणजे शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा एक भाग पेट्रोल. जोरात थ्रॉटल दिला की तो सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि आत लिहिलेल्या टेबलाप्रमाणे पेट्रोल टाकतो, हा ओपन लूप.

कंपनीचा सेन्सर नॅरोबँड असतो. तो साधारण ०.४५ व्होल्टच्या वर गेला तर रिच, खाली गेला तर लीन, एवढंच सांगतो, किती रिच किती लीन हे त्याला धड सांगता येत नाही. ते सांगायला वाइडबँड सेन्सर लागतो.

आता यातून दोन गोष्टी निघतात. एक, सायलेन्सर-फिल्टर बदलल्यामुळे क्रूझिंगला जी थोडी गडबड होते ती इसीयू स्वतःच एका मर्यादेपर्यंत सावरून घेतो, त्याची खरी अडचण ओपन लूपमध्ये होते. दुसरी, तुम्ही एखादं स्वस्त यंत्र लावून क्रूझिंगला ५ टक्के पेट्रोल वाढवलंत आणि ओटू सेन्सर तसाच जोडलेला ठेवलात, तर इसीयू ते ५ टक्के थोड्या वेळात कापून टाकतो. बरेच जण म्हणतात ना, पहिले दोन दिवस गाडी मस्त चालली मग परत तशीच, ते हेच.

त्यात इ२० ची, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची भर. इथेनॉलला हवा कमी लागते, शुद्ध इथेनॉलचा रेशो ९:१, म्हणून इ१० चा साधारण १४.१ आणि इ२० चा १३.५ येतो. गाडी इ१० साठी सेट असेल तर इ२० वर ओपन लूपमध्ये ती तीन-चार टक्के आपोआप लीन होते, सायलेन्सरला हातही न लावता. २०१८-१९ च्या बीएस४ ६५० वाल्यांनी हे लक्षात ठेवा. आणि म्हणूनच ट्यूनरवाल्याशी बोलताना हवा-पेट्रोल रेशोचे १३.२ आणि १२.८ असले आकडे सोडून लॅम्डामध्ये बोला, पेट्रोलमध्ये इथेनॉल कितीही असलं तरी लॅम्डा १ म्हणजे लॅम्डा १.

पायरी ३: बाजारात काय काय आहे

सगळ्यात स्वस्त म्हणजे तापमान फसवणारे प्लग. हवेच्या तापमानाच्या सेन्सरमध्ये बसतात आणि इसीयूला सांगतात की हवा आहे त्यापेक्षा वीसेक डिग्री थंड आहे, मग तो ओपन लूपमध्ये सहाएक टक्के जास्त पेट्रोल टाकतो. बूस्टरप्लग हे त्यातलं जुनं नाव. याला हसू नका, स्लिप-ऑन आणि पॅनल फिल्टरवाल्या गाडीला कधीकधी एवढंच पुरतं. सेटिंग काही नाही, सगळीकडे सरसकट तेवढंच वाढतं, हा त्याचा फायदा पण आणि तोटा पण.

दुसरा प्रकार, फक्त फ्यूएलवर काम करणारा पिगीबॅक. कंपनीचा इसीयू जागेवर राहतो आणि हा इंजेक्टरच्या वायरमध्ये बसून इंजेक्टर किती वेळ उघडा राहील ते कमीजास्त करतो. आपल्याकडे बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा फ्यूएलएक्स सगळ्यात जास्त दिसतो, तो इंजेक्टरबरोबर ओटू सेन्सरच्या सिग्नलमध्येही बसतो, त्यामुळे वर सांगितलेला कापाकापीचा प्रॉब्लेम येत नाही, आणि तयार मॅपमधून (पेट्रोल कधी किती याच्या टेबलांमधून) निवडायचं असतं, लॅपटॉप लागत नाही. डायनोजेटचा पॉवर कमांडर बाहेरच्या मोठ्या गाड्यांना खूप चालतो.

तिसरा, फ्यूएल आणि इग्निशन दोन्ही बदलणारा पिगीबॅक. रेस डायनॅमिक्सचाच पॉवरट्रॉनिक यातला. दोन मॅप ठेवता येतात, स्विचने बदलता येतात, आरपीएम लिमिट वाढवता येतं, आणि लॅपटॉप जोडून मॅपमधला एकेक सेल (ठरावीक आरपीएम आणि थ्रॉटलचा कप्पा) बदलता येतो. ताकद इथे जास्त आहे आणि वाट लावायची सोय पण.

चौथा, कंपनीच्या इसीयूलाच फ्लॅश मारणं. बाहेर काही डबा नाही, वायर नाही, पावसाची भीती नाही, नीट केलं तर सगळ्यात स्वच्छ काम. पण कुणी केलं, काय बदललं हे तुम्हाला दिसत नाही, मूळ फाइलची कॉपी ठेवली का विचारा, आणि सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर अपडेट मारला की तुमचा मॅप गेला. हार्लेवाले यासाठी पॉवर व्हिजन किंवा व्हान्स अँड हाइन्सचा फ्यूएलपॅक वापरतात. सेकंडहँड घेणार असाल तर पॉवर व्हिजनसारखं यंत्र एका गाडीला लॉक होतं हे आधी विचारून घ्या.

पाचवा स्टँडअलोन इसीयू, तो रेसवाल्यांचा विषय, टुरिंगला नको.

आणि ज्याचं नावसुद्धा घेऊ नये असं एक, ओटू सेन्सर काढून त्या जागी रेझिस्टर घालून देणारे. गाडी कायम ओपन लूपमध्ये, ॲव्हरेज खाली. अंतर कापायचंय त्या गाडीला हे करायचंच नाही.

पायरी ४: आपल्या गाडीला कुठला

स्लिप-ऑन आणि फिल्टर, लक्षणं खरी आहेत: फ्यूएल-ओन्ली पिगीबॅक, सौम्य मॅप. फुल सिस्टीम, कॅट नाही, एअरबॉक्स मोकळा: तोच पिगीबॅक पण मॅप बदलता येणारा, किंवा चांगला ट्यूनर हाताशी असेल तर फ्लॅश. कॅम किंवा बोअर: इग्निशनवाला पिगीबॅक किंवा फ्लॅश, आणि डायनोवर दिवस काढायची तयारी.

टुरिंगवाल्याने इग्निशनच्या मागे लागू नये असं माझं मत आहे आणि त्याला कारण आहे. इग्निशन ॲडव्हान्स केला, म्हणजे ठिणगी लवकर पाडली, की जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, पुण्यात १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० टाकून सेट केलेला मॅप घेऊन तुम्ही स्पितीला जाणार, काझाचा पंप ३,७४० मीटरवर, तिथे जे पेट्रोल मिळेल ते घ्यावं लागतं. उंचावर हवा विरळ म्हणून नॉकिंगचा (मिक्स्चर आपोआप भडकायचा) धोका कमी असतो हे खरं, पण तोच टँक घेऊन खाली उन्हात उतरलात आणि सामान लादून हायवेला लागलात की पिस्टनवर टकटक सुरू, आणि नॉक सेन्सर नसलेली गाडी स्वतःला वाचवू शकत नाही. ॲडव्हान्स पाहिजेच असेल तर दोन मॅप ठेवा आणि एक साध्या पेट्रोलवरच सेट करून घ्या.

उंचीबद्दल अजून एक. खारदुंगला ५,३५९ मीटर, तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. कुठलाही ट्यूनर हवा आणून देत नाही, त्यामुळे तिथे गाडी मरगळणारच. बघायचं एवढंच की ट्यूनर टक्क्यात बदल करतो का. कंपनीचा इसीयू उंचीप्रमाणे पेट्रोल कमी करत असतो आणि पिगीबॅक त्याच्यावर टक्के लावतो, म्हणजे उंचीचं करेक्शन शाबूत राहतं. हा प्रश्न विकणाऱ्याला सरळ विचारा, त्याला उत्तर येत नसेल तर दुसरं दुकान बघा.

ॲव्हरेजचा हिशोब पण करून ठेवा. इंटरसेप्टरची टाकी १३.७ लिटर. २८ चं ॲव्हरेज असेल तर रेंज ३८३ किमी, ट्यूनिंगनंतर २५ झालं तर ३४२. लाहौलमधल्या तांडीच्या पंपावरचा ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ हा बोर्ड ज्यांनी पाहिलाय त्यांना हे ४१ किलोमीटर काय ते कळेल, कारण ३६५ गाठायला या टाकीला २६.६ चं ॲव्हरेज लागतं.

पायरी ५: घ्यायच्या आधीचे प्रश्न

कनेक्टर कंपनीच्या कनेक्टरमध्ये बसणारे आहेत की वायर कापावी लागते? कापावी लागत असेल तर नको, कितीही स्वस्त असो. तुमच्या गाडीच्या वर्षाचा मॅप आहे का? ६५० चं बीएस४ मॉडेल वेगळं, एप्रिल २०२० नंतरचं बीएस६ वेगळं आणि २०२३ नंतर ओबीडी-२ (धुराशी संबंधित बिघाड गाडीने स्वतः ओळखायची यंत्रणा) आलं, त्यात चेक इंजिनचा दिवा लागतो का हे त्याच मॉडेलच्या मालकाला विचारा. ६५० ला दोन सिलिंडर, दोन इंजेक्टर, दोघांनाही वेगवेगळी वायर आहे ना? बायपास प्लग मिळतो का, म्हणजे युनिट काढून तो प्लग लावला की गाडी स्टॉक? डबा पूर्ण सील केलेला आहे का? किंमत विचारताना डायनोचे पैसे वेगळे धरा.

कायद्याचं पण आत्ताच बोलून घेऊ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या स्पेसिफिकेशनमध्ये बदल चालत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. आवाज आणि धुरासाठी कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड आणि लायसन्स निलंबन होऊ शकतं, पोलीस जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात ते फोटो पाहिले असतीलच. कॅट काढलेली, रिच मॅपवाली गाडी पीयूसीला नापास होऊ शकते. वॉरंटी पण गेली समजा. ‘फक्त ट्रॅकसाठी’ असं लिहून कुणी सुटत नाही, अमेरिकेत ट्यूनर विकल्याबद्दल २०१६ साली खुद्द हार्लेला तिथल्या पर्यावरण खात्याबरोबरच्या तडजोडीत १.२ कोटी डॉलर दंड भरावा लागला. त्यामुळे कॅट राहू द्या, डीबी किलर (सायलेन्सरमधला आवाज कमी करणारा तुकडा) राहू द्या, आणि त्यात बसेल तेवढंच ट्यून करा. टुरिंगला तेवढं पुरतं.

पायरी ६: बसवणं

स्वतः बसवता येतं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, टाकी उचला, इंजेक्टरचे कनेक्टर काढताना क्लिप दाबूनच काढा, ओढलं की तुटते. प्रत्येक कनेक्टर काढायच्या आधी मोबाइलवर फोटो. ग्राउंडची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, चेसीच्या कुठल्याही बोल्टला नको, तिथला रंग आणि गंज मध्ये येतो आणि पावसाळ्यात मिसिंग सुरू होतं. कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस. डबा सीटखाली आडवा ठेवा, वायर खालच्या बाजूने आत जाईल अशी, म्हणजे पाणी वायरवरून ओघळून खाली पडेल, डब्यात जाणार नाही. इंजिनजवळून जाणाऱ्या वायरला उष्णता झेलणारी स्लीव्ह. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा कुठे वायर ताणते का. बायपास प्लग आणि चार झिप टाय टूलकिटमध्ये कायमचे.

आणि घरीच एकदा हातमोजे घालून, मोबाइलच्या उजेडात युनिट काढून गाडी स्टॉकवर स्टार्ट करून बघा. ताम्हिणीत जुलैच्या पावसात ते पहिल्यांदा करायची वेळ येऊ नये.

पायरी ७: सेट करणं

कुठलाही मॅप लावायच्या आधी स्टॉकवर दोन टाक्यांचं ॲव्हरेज काढून लिहून ठेवा. टाकी फुल टू फुल, शक्यतो त्याच पंपावर. हे न केल्यामुळे निम्मी भांडणं होतात.

मग सगळ्यात सौम्य मॅपपासून सुरुवात. सामान लादून चालवा, हे फार महत्त्वाचं आहे, कारण रिकामी गाडी शंभरला ज्या थ्रॉटलवर चालते त्यापेक्षा सॅडलबॅग, विंडशील्ड आणि पिलियनसकट जास्त थ्रॉटल लागतो, म्हणजे तुम्ही मॅपच्या वेगळ्याच सेलमध्ये असता आणि क्लोज्ड लूपमधून बाहेर पडायची शक्यता पण जास्त. डायनोवर नेतानाही ट्यूनरला सांगा, मला १० ते ३० टक्के थ्रॉटल आणि ३ ते ५ हजार आरपीएम यावर वेळ घाल, वरचा ग्राफ नंतर. चांगला ट्यूनर खूश होतो. नुसता फुल थ्रॉटलचा पुल मारून प्रिंट हातात देणारा असेल तर तो तुमच्या कामाचा नाही.

रस्त्यावर बघायचं असेल तर वाइडबँड लागतो, बॉशचा एलएसयू ४.९ हा नेहमीचा. त्यासाठी बेंड पाइपला नट वेल्ड करावा लागतो, सेन्सर आडव्या रेषेपेक्षा किमान दहा अंश वर झुकलेला हवा, नाहीतर पाइपमध्ये साचलेलं पाणी त्याला मारतं. डेटा लॉग करा आणि घरी बघा, चालवताना मीटरकडे बघत बसू नका. पुणेकरांसाठी सातारा रोड बरा, शिरवळपर्यंत स्थिर क्रूझिंग आणि पुढे खंबाटकीत थर्ड-फोर्थला हळूहळू थ्रॉटल उघडत चढ, दोन्ही एका फेरीत. (मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला दुचाकी बंद आहे हे सांगायला नको.)

लॅम्डा किती पाहिजे? क्रूझिंगला ०.९८ ते १. सामान घेऊन चढावर, मध्यम थ्रॉटलला ०.९२ ते ०.९५. पूर्ण थ्रॉटलला ०.८७ ते ०.९०. यापेक्षा रिच केलं तर गाडी थंड राहते असं सांगणारे भेटतील, प्रत्यक्षात ॲव्हरेज जातं, प्लग काळे होतात, आणि जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. एका वेळी एकच बदल, मॅप एक पायरी वर, परत तोच रस्ता, परत तेच सामान. दोन पायऱ्यांत फरक जाणवला नाही तर खालची ठेवा.

सकाळचा थंड स्टार्ट आणि दुपारी ट्रॅफिकमध्ये तापलेल्या गाडीचं आयडल, दोन्ही तपासा. आयडलला डोळे चुरचुरले तर रिच आहे, तिथे पेट्रोल कमी करा, पीयूसीला पण तेच तपासतात.

पायरी ८: मोठ्या टूरला निघायच्या आधी

एक पूर्ण दिवस जवळपास फिरून या, शक्यतो पावसात. ॲव्हरेज परत मोजा, स्टॉकपेक्षा लिटरला एक-दोन किलोमीटर कमी चालेल, त्याहून जास्त पडलं तर मॅप रिच आहे किंवा ओटू सेन्सर नीट जोडलेला नाही. टूरवर चेक इंजिनचा दिवा लागला तर पहिलं काम युनिट काढून बायपास लावणं. दिवा आणि त्रास दोन्ही गेले तर ट्यूनर किंवा त्याचा कनेक्टर, नाही गेले तर गाडीचंच काहीतरी आहे आणि सर्व्हिस सेंटर शोधा, तिथे नेताना युनिट काढलेलंच बरं, कारण डब्याकडे बोट दाखवून गाडी बाजूला उभी करून ठेवतात.

लॅपटॉपवाला ट्यूनर असेल तर शेवटच्या मॅपची फाइल स्वतःला ईमेल करून ठेवा, नावात तारीख आणि गाडीतले बदल लिहा. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरा’ असल्या नावांच्या फाइल दोन वर्षांनी कुणालाच कळत नाहीत.